एकूण १४: ब्रेडन मोजपट्टी, ऑर्थो वॉर्ड आणि एका बेडसोरची उलटतपासणी

ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या विभागाच्या, स्त्री वॉर्डात दाखल असलेल्या एका आजींच्या सॅक्रमवरचा, म्हणजे कमरेखालच्या हाडावरचा, फोड सहाव्या दिवशी सकाळी फुटलेला सापडला. केस पेपरला ब्रेडन मोजपट्टीचा तक्ता टाचलेला होता. बेडसोरचा, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमेचा, धोका किती हे ती गुणांत सांगते; गुण जितके कमी तितका धोका जास्त. तो रोज भरलेला होता, तारखा होत्या, सह्या होत्या. एकूण गुणांच्या रकान्यात पहिल्या दिवसापासून एकच आकडा होता: १४.

इथे मांडलेलं प्रकरण प्रातिनिधिक आहे. मराठवाड्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या ऑर्थो वॉर्डांत ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात, त्या एका रुग्णाभोवती एकत्र केल्या आहेत. प्रश्न असा आहे की नर्सिंगमधलं जगभर वापरलं जाणारं एक संशोधन या वॉर्डात पोचलं होतं, कागदावर हजर होतं, तरी जखम झालीच. मग ते नेमकं कुठे अडलं?

पडल्यापासून पलंगापर्यंत

वय ७२, वजन ४२ किलो, हिमोग्लोबिन ८.४, तोंडात दात चार-पाच. मे महिना. पहाटे साडेपाचला परसाकडे निघाल्या असताना ओट्यावरून पाय घसरला आणि उजवा खुबा मोडला. घरची माणसं उठेपर्यंत दीड-दोन तास शहाबादी फरशीवर पडून. लुगडं लघवीने ओलं झालेलं. मग जीपच्या मागच्या सीटवरून ग्रामीण रुग्णालय, तिथून १०८ च्या स्ट्रेचरवरून जिल्ह्याचं रुग्णालय, कॅज्युअल्टीची ट्रॉली, एक्स-रेचं टेबल, पुन्हा ट्रॉली. वॉर्डातला पलंग मिळाला तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते.

म्हणजे साडेचौदा तास पाठीवर, आणि त्यातला बराच वेळ अशा पृष्ठभागांवर की ज्यांत गादी नावाला असते किंवा नसतेच. मोडलेल्या पायामुळे कूस बदलण्याचा प्रश्नच नव्हता. हा सगळा काळ केस पेपरवर एका ओळीत येतो: ‘पडून दुखापत, पहाटे’. बेडसोरच्या दृष्टीने मात्र सगळ्यात महाग वेळ हाच.

वॉर्डात ३ किलोचं स्किन ट्रॅक्शन लागलं, म्हणजे पायाला पट्टी बांधून वजनाने पाय ताणून धरला. काथ्याची गादी, रेक्झिनचं कव्हर, त्यावर चादर आणि चादरीवर घरून आणलेली वाकळ. तिसऱ्या दिवशीची शस्त्रक्रिया रक्ताची सोय न झाल्याने टळली, पण आदल्या रात्री बारापासूनचा उपास घडलाच. पाचव्या दिवशी दुपारी दोनला स्पायनल भूल देऊन खिळा बसवला. त्याही वेळी आदल्या मध्यरात्रीपासून पोटात काही नाही. ट्रॅक्शनची पट्टी ऑपरेशन थिएटरमध्ये सोडली तेव्हा उजव्या टाचेवर पाण्याचा फोड दिसला. तो तोवर कुणी पाहिलेलाच नव्हता, कारण टाच पट्टीच्या आत होती.

सॅक्रमवरचा डाग मात्र तिसऱ्या दिवशी सकाळीच दिसला होता. जांभळट, ४ बाय ३ सेंटीमीटर. नोंद झाली ‘मुका मार’.

तो मुका मार नव्हता

पडलेल्या माणसाच्या अंगावर काळंनिळं असणारच, म्हणून ही चूक सहज होते. फरक ओळखायला तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, जागा: आजी उजव्या कुशीवर पडल्या, मार उजव्या खुब्याला, डाग मात्र मध्यभागी, नेमका हाडाच्या उंचवट्यावर. दुसरी, स्पर्श: आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम किंवा गार, घट्ट किंवा दलदलीसारखी मऊ लागते का. तिसरी, वेळ. दाबाने आतलं मांस मेलं तरी वरची कातडी लगेच काही सांगत नाही; डाग साधारण ४८ ते ७२ तासांनी वर येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दिसलेल्या डागाचे तास मागे मोजत गेलं की बोट फरशी, ट्रॉली आणि एक्स-रे टेबलापाशी येऊन थांबतं.

पुस्तकांतलं ‘लालसरपणा पाहा’ हे वाक्य आपल्याकडे अर्धवटच उपयोगी पडतं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. ती जागा नुसती शेजारपेक्षा गडद दिसते. बोटाने तीन सेकंद दाबून सोडायचं आणि रंग फिका होऊन परत येतो का पाहायचं, ही चाचणीही सावळ्या कातडीवर फसवते. तिथे हाताच्या मागच्या बाजूने तापमान पाहणं, दाबून घट्टपणा पाहणं आणि ‘इथं दुखतंय का’ विचारणं जास्त भरवशाचं. शिवाय उजेड: रात्रीच्या वॉर्डातल्या पिवळट दिव्याखाली काढलेला ‘कातडी ठीक’ हा निष्कर्ष फारसा धरू नये. मोबाइलचा टॉर्च लावला तरी पुष्कळ फरक पडतो.

मोजपट्टी आली कुठून

बेडसोर ही ‘वाईट नर्सिंगची खूण’ मानली जायची, त्या काळात डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने लंडनमध्ये वृद्ध रुग्णांवर सहकाऱ्यांसोबत अभ्यास केला. १९६२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कातडीला काय चोळता यापेक्षा दाब किती वेळ राहतो याला महत्त्व आहे, ही दिशा त्यातून पक्की झाली आणि जोखीम मोजणारी पाच मुद्द्यांची पहिली मोजपट्टी मिळाली. तरीही आपल्याकडच्या ‘बॅक केअर’च्या प्रात्यक्षिकात स्पिरिट, पावडर आणि हाडाच्या उंचवट्यावर गोल गोल मालिश ही त्रयी पुढे कित्येक वर्षं टिकली. स्पिरिट कातडी कोरडी करतं, पावडर घामात भिजून तिच्या गुठळ्या होतात आणि जोखमीच्या जागेवरची मालिश आतल्या नाजूक रक्तवाहिन्या आणखी दुखावते.

बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकन नर्स-संशोधकांनी १९८७ मध्ये आपली मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचं मोल आकड्यापेक्षा मांडणीत आहे. त्यांनी आधी विचारलं की बेडसोर होतो कशाने. दोन बाजू निघाल्या: दाब किती आणि किती वेळ, आणि तो सोसण्याची कातडी-मांसाची ताकद किती. पहिल्या बाजूचे तीन मुद्दे, संवेदना, हिंडणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल. दुसऱ्या बाजूचे तीन, ओलावा, पोषण, घर्षण-ओढ. पहिल्या पाच मुद्द्यांना १ ते ४, शेवटच्याला १ ते ३. बेरीज ६ ते २३. आकडा जितका कमी तितका धोका जास्त. १८ किंवा कमी म्हणजे धोका आहे. १५ ते १८ सौम्य, १३–१४ मध्यम, १० ते १२ जास्त, ९ किंवा खाली अतिजास्त.

नवीन स्टाफला इथेच पहिली गफलत होते. ‘१४ म्हणजे बराय, ९ पेक्षा जास्तच आहे’ असं मनात नाही, तरी हातून तसं वागणं होतं.

१४ चा हिशेब

पहिल्या रात्रीचे गुण असे: संवेदना ४, ओलावा ३, हिंडणं-फिरणं १, अंथरुणातली हालचाल २, पोषण २, घर्षण-ओढ २. बेरीज १४. त्या घडीला हे गुण रास्त होते. घोळ पुढे झाला, कारण दुसऱ्या दिवसापासून कालचा आकडा आज उतरला.

तिसऱ्या दिवसाचा खरा हिशेब मांडून पाहू. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू, आजी गुंगीत, संवेदना ३. बेडपॅन घेताना पाय दुखतो म्हणून त्या लघवी रोखून धरायच्या आणि मग अंथरुणातच व्हायची, त्यात मे महिन्याचा ४२ अंशांचा उकाडा आणि घाम न शोषणारं रेक्झिन, ओलावा २. हिंडणं १, हालचाल २. उपास आणि गुंगीमुळे पोटात जेमतेम दोन कप चहा आणि अर्धी भाकर, पोषण १. उशाशी दोन उशा, त्यामुळे अंग सारखं घसरायचं आणि मग दोघीजणी काखेत हात घालून वर ओढायच्या, घर्षण-ओढ १. बेरीज १०. मध्यम धोक्यातला रुग्ण दोन दिवसांत जास्त धोक्यात गेला होता आणि कागद जागचा हलला नव्हता.

पाचव्या दिवशी स्पायनलनंतर काही तास कमरेखाली संवेदनाच नव्हती. त्या रात्रीही १४.

फेरगुणांकनाची वेळ घड्याळावर ठेवली की असं होतं. ती घटनांवर ठेवावी लागते: शस्त्रक्रियेहून परत, गुंगीचं औषध सुरू, ताप, जुलाब, उपास लांबला, आयसीयूतून बदली. यातलं काहीही झालं की त्याच पाळीत नव्याने सहाही मुद्दे. रोज एकदा तर हवंच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दोन रुग्णांची बेरीज १४ असली तरी त्यांची कामं सारखी नसतात. एकाचा ओलावा १ असतो, दुसऱ्याची संवेदना १. बेरीज डॉक्टरांना आणि ऑडिटला सांगायला सोयीची. काम ठरतं ते मुद्द्याच्या गुणावर. म्हणून या प्रकरणानंतर वॉर्डाच्या तक्त्यात बेरजेशेजारी एक रकाना जोडला: ‘सगळ्यात कमी गुण कुठे, आणि त्यासाठी आज काय केलं’. मोजपट्टीच्या मूळ शब्दांना हात लावला नाही. ते संशोधकांच्या हक्काचे आहेत आणि बदलले तर गुणांचा अर्थही बदलतो.

हलवायचं कसं

ट्रॅक्शनवरच्या रुग्णाला पूर्ण कुशीवर घेता येत नाही, हे कारण खरं आहे, पण त्याआड काहीच न करणं लपतं. करता येतं ते असं. चादरीवर आडवी घातलेली ड्रॉ-शीट दोन्ही बाजूंनी गुंडाळून पकडायची, दोघींनी एकाच वेळी ‘एक, दोन, तीन’ म्हणत सरळ वर उचलायचं, ओढायचं नाही. तिसरं माणूस ट्रॅक्शनचा पाय त्याच रेषेत धरून ठेवतं. मग चांगल्या बाजूला २० ते ३० अंश कलवून पाठीमागे घडी केलेली उशी, दोन्ही पायांमध्ये एक उशी. उशी लावल्यावर सॅक्रमखाली हात घालून पाहायचा. हात सहज गेला तर हाड मोकळं झालं. डोक्याची बाजू जेवणाची वेळ सोडून ३० अंशांच्या वर नको, नाहीतर अंग खाली सरकतं आणि हाड व कातडी विरुद्ध दिशांना खेचली जातात.

वेदना आधी. ‘आजी, कूस बदलायची बरं का’ म्हटल्यावर उत्तर येतं, ‘नको माय, लई ठणकायलंय.’ आणि सून म्हणते, ‘राहू द्या सिस्टर, आत्ता कुठं डोळा लागलाय.’ दोघींचंही बरोबरच असतं. म्हणून ऑर्डरप्रमाणे पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅमची वेळ कूस बदलण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी आणली. नकार एकदम थांबले नाहीत, पण बरेच कमी झाले.

टाचेखाली हातमोज्यात पाणी भरून ठेवायची पद्धत अजून बऱ्याच वॉर्डांत आहे. ती सोडावी, दाब हटत नाही, जागा फक्त बदलते. रबरी रिंगही तशीच: मधली जागा मोकळी राहते आणि कडेने रक्तपुरवठा दाबला जातो. पोटरीच्या पूर्ण लांबीखाली उशी घालून टाच हवेत तरंगती ठेवणं हा साधा उपाय. ट्रॅक्शनची पट्टी रोज एकदा सोडून, पाय हाताने ओढून धरून टाच आणि घोटे पाहायचे. हे ऑर्थोच्या रेसिडेंट डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागतं, नाहीतर ‘ट्रॅक्शन कुणी सोडलं’ यावरून सकाळी वाद.

एअर मॅट्रेस सहाव्या दिवशी मिळाली. तिच्या पंपावर वजनाची खुंटी असते. ती आधीच्या ८० किलोच्या रुग्णावरच राहिली तर ४२ किलोच्या आजींना ती गादी फळीसारखी कडक लागते. उलट बाजूने, गादी बसली आहे का हे पाहायला सॅक्रमच्या रेषेत गादीखाली हात सरकवायचा. वर किमान इंचभर फुगीर हवा लागली पाहिजे. वीज गेली की साध्या मॅट्रेसची हवा हळूहळू उतरते, आणि उन्हाळ्यात वीज जातेच. जनरेटरवर कोणते प्लग चालतात ते इन्चार्ज सिस्टरला ठाऊक असतं; त्या प्लगजवळचा पलंग अशा रुग्णाला द्यावा. वाकळ काढायला लावली. माया म्हणून आणलेली ती जाड घडी मॅट्रेसचा सगळा फायदा खाऊन टाकते, हे सुनेला हात घालून दाखवलं तेव्हा पटलं.

ताटात काय

जखम भरायला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. ४२ किलोला ५२ ते ६३ ग्रॅम, आणि साधारण १,२६० ते १,४७० कॅलरी. आजींच्या गळ्यात माळ, म्हणजे अंडी बाद. मग ४०० मिलिलिटर दूध (सुमारे १३ ग्रॅम), ६० ग्रॅम डाळीचं दोन वेळचं घट्ट वरण (१३), ५० ग्रॅम फुटाण्याचं पीठ दुधात किंवा गुळाच्या पाण्यात (११), ३० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट (७) आणि १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी दुधात कुस्करून (१०). बेरीज ५४. दात नसल्याने सगळं मऊ. वरणाचं पाणी पाजणं म्हणजे वरण देणं नव्हे, हे डबा आणणाऱ्याला मुद्दाम सांगावं लागतं. किडनीचा त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारूनच.

उपासाचं गणित भूलतज्ज्ञांशी ठरवून घेतलं: हलकं जेवण सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुपारच्या शस्त्रक्रियेला मध्यरात्रीपासून कोरडा उपास लागत नाही. यादीतून नाव गळाल्याचं वॉर्डाला कळवायचं काम कुणाचं, हेही लिहून ठरवलं, कारण टळलेल्या दिवशी आजींना दुपारी तीनपर्यंत कुणी जेवा म्हणालंच नव्हतं.

संशोधन काय सांगतं, आणि कुठे थांबतं

दर दोन तासांनी कूस हा नियम सगळे शिकतात. बर्गस्ट्रॉम यांच्याच नेतृत्वाखालच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वृद्धाश्रमांतल्या मध्यम आणि जास्त धोक्याच्या रुग्णांना दोन, तीन किंवा चार तासांनी फिरवलं; बेडसोरच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. हे वाचून ‘चार तास चालतात’ असं कुणी म्हणालं तर गादी कोणती होती ते विचारावं. तिथले सगळे रुग्ण दाट फोमच्या गादीवर होते. रेक्झिन घातलेल्या काथ्याच्या गादीला तो निष्कर्ष लागू करता येत नाही.

ब्रेडनबद्दलही असंच. मोजपट्टी वापरल्याने, केवळ वापरल्याने, अनुभवी नर्सच्या नजरेपेक्षा बेडसोर कमी होतात याचा भक्कम पुरावा कोक्रेन या, वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या, आढाव्याला मिळालेला नाही. यात आश्चर्य नाही. मोजपट्टी धोका दाखवते. उशी लावायला माणूस लागतं.

आणि माणूस किती आहे? अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा निकष सहामागे एक. नाईटला ४० खाटांवर दोन सिस्टर असतील तर हिशेब करून पाहा. धोक्यातले आठ रुग्ण, प्रत्येकाला दोघींची पाच मिनिटं, म्हणजे एका फेरीला ४० मिनिटं. रात्री १०, १२, २, ४, ६ अशा पाच फेऱ्या. तीन तास वीस मिनिटं, दोघींची. त्यात इंजेक्शनं, नवीन अॅडमिशन, रक्त चढवणं. आठही जणांना सारखंच फिरवायचं म्हटलं तर कुणालाच धड फिरवलं जात नाही. ज्यांची संवेदना आणि हालचाल १ किंवा २ आहे ते चार रुग्ण सिस्टर आणि मावशींनी, उरलेल्यांना शिकवलेल्या नातेवाइकांनी, अशी वाटणी बसते. नातेवाईक ही सोय आहे, मनुष्यबळाला पर्याय नाही. हे अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) जाणाऱ्या मागणीत आकड्यांसह लिहावं. ‘स्टाफ कमी’ या दोन शब्दांपेक्षा ‘रात्री तीन तास वीस मिनिटं’ याला उत्तर देणं प्रशासनाला अवघड जातं.

एम.एस्सी. नर्सिंगचे प्रबंध या विषयावर कमी नाहीत. बहुतेकांचा साचा ठरलेला: बेडसोरबाबत नर्सेसच्या ज्ञानाची पूर्वचाचणी, व्याख्यान, उत्तरचाचणी, गुण वाढले. गुण वाढणारच. त्याच कष्टात वॉर्डाच्या दरवाज्यातून आत येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची कातडी पहिल्याच पाळीत तपासून, महिन्याचा दर काढता आला असता. सूत्र साधं आहे: नव्याने झालेले बेडसोर, गुणिले १,०००, भागिले रुग्ण-दिवस. ४० खाटा महिनाभर भरलेल्या म्हणजे १,२०० रुग्ण-दिवस. तीन नवीन जखमा असतील तर दर २.५. तपासणी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने हा दर वाढलेला दिसतो, कारण आधी न दिसणारं दिसू लागतं. त्या वेळी मेमो निघाला की पुढच्या महिन्यापासून सगळे बेडसोर ‘घरून आणलेले’ होतात. म्हणून दाखल होताना सॅक्रम, दोन्ही टाचा, दोन्ही खुबे यांची नोंद, मापासह आणि संमतीने फोटोसह, हा स्टाफचाही बचाव आहे.

पुढे

टाचेचा फोड न फोडता, तरंगत्या टाचेवर, दोन आठवड्यांत सुकला. सॅक्रमचं तसं झालं नाही. दहाव्या दिवसापर्यंत तळ काळपट पापुद्र्याने झाकला गेला; सर्जनने तो काढला तेव्हा खाली चरबीपर्यंतची, तिसऱ्या पायरीची जखम होती, ५ बाय ४ सेंटीमीटर. सलाइनने धुणं, हायड्रोजन पेरॉक्साइड बंद, ओलावा टिकवणारं ड्रेसिंग, कडेच्या कातडीला झिंक ऑक्साइड.

सोळाव्या दिवशी सुट्टी देताना सुनेकडून दोनदा ड्रेसिंग करवून घेतलं. घरी सुतळीची बाज होती; तिच्या झोळात सॅक्रमवरच भार येतो, म्हणून लाकडी पलंग आणि फोमची गादी सुचवली. खुर्चीत एका वेळी तासापेक्षा जास्त नाही आणि दर पंधरा मिनिटांनी हातांवर भार देऊन बूड उचलणं. आठवड्यातून एकदा गावच्या उपकेंद्रात जखमेची लांबी-रुंदी मोजून त्याच कागदावर लिहायची. दोन आठवड्यांत माप कमी झालं नाही, वास किंवा ताप आला, तर ओपीडीची वाट न पाहता परत. अशी जखम भरायला महिने लागतात, हे त्यांना निघतानाच सांगितलं.